धनुष्याने हरणाची शिकार: पहिल्या हंगामापूर्वी नवशिक्याने शिकायच्या गोष्टी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत हरणांच्या शिकारीचा धनुष्य-हंगाम चालतो आणि घरात शिकारीची कोणतीही परंपरा नसलेली माणसेही या हंगामात प्रथमच उतरतात. नोकरी-शिक्षणानिमित्त त्या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही शेजाऱ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या सोबतीने या विद्येकडे वळणारे लोक असू शकतात. भारतात मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणाची शिकार हा दंडनीय गुन्हा असल्याने पुढील सर्व विवेचन विस्कॉन्सिनमधील परवानाधारक शिकारीपुरतेच समजावे. नेम साधला म्हणजे शिकार साधली, असा नवशिक्याचा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः स्थिर लक्ष्यावर नेम धरणे काही महिन्यांच्या सरावाने बहुतेकांना जमते. हरिण प्रत्यक्ष समोर उभे असताना कोणता बाण सोडायचा नाही हे ओळखणे आणि त्याप्रमाणे हात आवरणे ही खरी कठीण गोष्ट आहे, आणि पहिल्या हंगामाची सगळी तयारी याच एका गोष्टीभोवती रचली पाहिजे.

ज्याची ही शिकार होते ते श्वेतपुच्छ हरिण, म्हणजे पळताना शेपटी उभारून तिची पांढरी खालची बाजू दाखवणारे हरिण, चितळ-सांबराच्याच कुळातील असून त्याच्या नराची भरीव शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात. एकोणिसाव्या शतकातील अनिर्बंध कत्तलीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण अमेरिकेत ही जात काही लाखांपर्यंत घटली होती. कायद्याच्या बंधनांमुळे ती सावरली आणि आज एकट्या विस्कॉन्सिनमध्ये दहा लाखांहून अधिक हरणे आहेत. लांडग्यांसारखे नैसर्गिक शत्रू बहुतेक भागांतून नाहीसे झालेले असताना एवढी हरणे ओकची कोवळी रोपे वाढण्याआधीच खुडून टाकतात आणि जंगलाची पुढची पिढीच खुंटते. विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड यांनी हा धोका १९४० च्या दशकातच ओळखला, नरांबरोबर माद्यांचीही शिकार झाली पाहिजे असे मत मांडले आणि त्यापायी लोकांचा मोठा रोष ओढवून घेतला. लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवत आणि धनुष्याने शिकारही करत. केवळ धनुर्धरांसाठी राखलेला हरिण-हंगाम १९३४ मध्ये याच राज्यातील कोलंबिया आणि सॉक या काउंट्यांत प्रथम सुरू झाला. शस्त्रांवरील अबकारी कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवणाऱ्या १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याच्या कक्षेत १९७० च्या दशकात धनुष्यबाणही आले, त्यामुळे नवशिक्याने घेतलेल्या नव्या धनुष्याच्या किमतीतील काही अंश याच कामाला जातो. या इतिहासातून एक व्यावहारिक सूचना निघते: पहिल्या हंगामात मोठ्या शिंगांच्या नराचा ध्यास न धरता मादीच्या शिकारीचा परवाना घ्यावा, कारण जंगलाची गरजही तीच असते आणि शिंगांच्या मोहाने होणाऱ्या घाईपासून नवशिक्या वाचतो.

परवान्याच्या बाबतीत, १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला विस्कॉन्सिनमध्ये शिकारी-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकार करण्याची सोय आहे, आणि खरे तर प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही पहिला हंगाम अशा जाणत्याच्या सोबतीने काढणे हेच उत्तम. राज्याचा रहिवासी आणि बाहेरचा यांच्या शुल्कात मोठा फरक असतो, तेव्हा नुकतेच तेथे राहायला गेलेल्यांनी रहिवासाची अट आधी समजून घ्यावी. खासगी रानात पाऊल टाकण्यापूर्वी मालकाची परवानगी हवी. बंदुकीच्या हंगामात धनुर्धरालाही भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे असतात, आणि हरणाला तांबडा-नारिंगी रंग नीट ओळखता येत नसल्याने त्याचा तोटाही होत नाही.

धनुष्यांचे मुख्य प्रकार चार आहेत. लाँगबो हे साधे लांब धनुष्य, रिकर्व्ह हे टोके पुढे वळलेले, कंपाऊंड हे भुजांच्या टोकांना चक्रे बसवलेले आणि क्रॉसबो हे आडवे धरून चापाने सोडायचे. मिसूरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले त्या कंपाऊंड धनुष्यात चक्रांच्या रचनेमुळे प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर हातावरील भार एकदम कमी होतो. साठ पौंडांचे धनुष्य त्या स्थितीत दहा-पंधरा पौंडांवर तोलून धरता येते. हरणाने मान वळवेपर्यंत थांबावे लागते तेव्हा ही सवलत फार मोलाची ठरते, म्हणून नवशिक्याने कंपाऊंडपासून सुरुवात करणे योग्य. प्रत्यंचा ओढण्यास लागणाऱ्या जास्तीत जास्त बळाला ड्रॉ वेट म्हणतात. राज्याच्या नियमाने ते किमान ३० पौंड असावे लागते, पण नवशिक्याची चूक बहुधा उलट दिशेने होते आणि दुकानात ऐटीने ओढलेले सत्तर पौंडांचे धनुष्य नोव्हेंबरच्या थंडीत दोन तास निश्चल बसल्यावर ओढवत नाही. खुर्चीवर बसून, पाय जमिनीवरून उचलून, धनुष्य आकाशाकडे न नेता प्रत्यंचा सरळ मागे ओढता आली तरच ते वजन आपले समजावे. त्याचप्रमाणे प्रत्यंचा किती अंतर मागे येते ते मोजणारी ड्रॉ लेंग्थ धनुर्धराच्या हातांच्या लांबीला जुळली पाहिजे. उसन्या धनुष्यावर शिकणाऱ्यांचे पुष्कळ दोष या एका बेमेळातून आलेले असतात. बाण न लावता प्रत्यंचा ओढून सोडू नये, कारण बाणाकडे जाणारी सगळी शक्ती धनुष्यातच मुरते आणि त्याच्या भुजा फुटून धनुर्धर जखमी होऊ शकतो.

सराव दहा यार्डांपासून सुरू करावा; एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर. पहिले काही आठवडे अंतर वाढवण्याची घाई न करता उभे राहण्याची ढब, प्रत्यंचा गालाशी प्रत्येक वेळी एकाच जागी टेकवणे आणि बाण सुटल्यानंतरही धनुष्याचा हात तसाच ठेवणे या तीन गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. हंगाम जवळ आला की सरावाचे रूप बदलले पाहिजे. रानात पन्नास बाण मारून हात बसवण्याची मुभा नसते, थंड अंगाने सोडलेला पहिला बाणच काय तो कामाचा असतो. म्हणून दिवसाच्या पहिल्या बाणाची नोंद वेगळी ठेवावी आणि आपली पात्रता तिच्यावरूनच ठरवावी. सराव जाड कोट घालून, बसून आणि उंचावरूनही करावा, कारण प्रत्यंचा बाहीला घासली तर बाण वाकडा जातो. शिकारीच्या बाणाला लागणारे ब्रॉडहेड, म्हणजे किमान ७/८ इंच रुंदीचे धारदार पात्यांचे टोक, सरावाच्या साध्या टोकापेक्षा हवेत वेगळे वागू शकते; त्यामुळे दोन्ही एकाच जागी लागेपर्यंत जाणत्या कारागिराकडून धनुष्य जुळवून घ्यावे.

बाण रुधिरस्रावाने मारतो, ही गोष्ट मनात पक्की झाल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. बंदुकीची गोळी आपल्या प्रचंड वेगाने आजूबाजूच्या ऊतींनाही इजा करते. बाण मात्र जेथून जातो तेवढेच कापतो, आणि म्हणून तो दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून गेला तर हरिण काही सेकंदांत कोसळते, तर चार बोटे मागे पोटात शिरला तर तेच हरिण कित्येक तास तडफडते. फुप्फुसे आणि हृदय मिळून होणारे हे मर्मस्थान पुढच्या पायामागे असून त्याचा व्यास साधारण आठ ते दहा इंच असतो. जेवढ्या अंतरावरून आपले सर्व बाण आठ इंचांच्या वर्तुळात पडतात ती आपली सरावातली मर्यादा, आणि रानातली मर्यादा तिच्याहून बरीच कमी धरावी.

अंतराचा प्रश्न केवळ अचूकतेचा नाही. सेकंदाला २७० फूट वेगाने सुटलेला बाण वीस यार्ड, म्हणजे साठ फूट, सुमारे ०.२२ सेकंदात कापतो, पण प्रत्यंचेचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट वेगाने जात असल्याने तो हरणाच्या कानी ०.०५ सेकंदातच पोचतो. हरणाला दचकायला मिळणारा अवधी अशा रीतीने ०.१७ सेकंद उरतो. चाळीस यार्डांवर हाच अवधी दुप्पट होतो. दचकलेले हरिण उडी मारण्यासाठी आधी पाय मुडपून खाली दबते आणि हृदयावर धरलेला बाण त्या क्षणी पाठीवरून निघून जातो किंवा कण्याजवळच्या मांसात रुततो, तेव्हा नेम बिनचूक असूनही वेध चुकतो. कान टवकारून सावध उभ्या असलेल्या हरणावर चाळीस यार्डांवरून बाण सोडू नये असे जाणते शिकारी बजावतात ते यासाठीच, आणि या लेखाचे मत असे आहे की पहिल्या हंगामात वीस यार्डांपलीकडे प्रत्यंचा ओढूच नये, मग लक्ष्यावरचा सराव कितीही चांगला असो. बसण्याच्या जागेपासून वीस यार्डांवरची झाडे अंतरमापकाने आधीच हेरून ठेवावीत. मावळत्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज फसतो.

अंतराइतकाच कोनही निर्णायक असतो. हरिण पूर्ण आडवे उभे असेल तेव्हा पुढच्या पायाच्या मागच्या कडेला लागून, छातीच्या खालच्या तृतीयांशाच्या वरच्या सीमेवर नेम धरावा. ते किंचित पाठमोरे, तिरके उभे असेल तर पलीकडचा पुढचा पाय लक्षात घेऊन त्याच्या रोखाने नेम धरावा, म्हणजे बाण बरगड्यांमागून शिरून मर्मस्थान तिरपे छेदतो. किंबहुना हाच कोन सर्वांत अनुकूल, कारण हरणाची नजरही दुसरीकडे असते. समोरून येणारे, तिरके समोर तोंड केलेले किंवा सरळ पाठ फिरवलेले हरिण जाऊ द्यावे. खांद्याचे हाड आणि पोटाचा भाग बाणाच्या वाटेत येतात. मचाणाच्या अगदी खाली आलेले हरिणही नवशिक्याला सोपे वाटते, परंतु इतक्या खड्या कोनातून बाण बहुधा एकाच फुप्फुसातून जातो आणि एका फुप्फुसावर हरिण फार दूर पळू शकते. उंचावरून नेम धरताना हात खाली झुकवण्याऐवजी कमरेतून वाकावे, म्हणजे खांदे आणि बाण यांचा सपाटीवर साधलेला कोन बिघडत नाही.

हरिण वीस यार्डांच्या आत यावे यासाठी त्याचे रान वाचता आले पाहिजे, आणि हे वाचन ऑगस्टपासून सुरू करावे. दिवसा विसाव्याची दाट झाडी आणि पहाटे-संध्याकाळी चरण्याची जागा यांना जोडणाऱ्या पायवाटा, लेंड्या, खुरांचे ठसे, नराने शिंगे घासून साल काढलेली झाडे आणि झुकत्या फांदीखाली त्याने खुरांनी उकरलेली जमीन या खुणा शोधाव्यात. पांढऱ्या ओकची फळे गळू लागली की हरणे मक्याचे शेत सोडून त्या झाडाखाली येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजावर आलेले नर दिवसाही फिरतात. तथापि या सगळ्यावर वारा मात करतो. वाऱ्याने माणसाचा वास पोचवला की हरिण दिसण्याआधीच निघून जाते, आणि नवशिक्याचे बहुतेक रिकामे दिवस त्याच्या नकळत याच कारणाने रिकामे गेलेले असतात. बसण्याची जागा अपेक्षित वाटेच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशी असावी. उतारावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: पहाटेची थंड हवा दरीकडे उतरत असते, ऊन चढले की ती वर जाऊ लागते आणि संध्याकाळी पुन्हा खाली वाहते, त्यामुळे सकाळी योग्य असलेली जागा संध्याकाळी निरुपयोगी ठरू शकते. वारा प्रतिकूल असेल त्या दिवशी त्या जागी जाऊच नये.

पंधरा-वीस फुटांवरचे मचाण, ज्याला तेथे ट्री स्टँड म्हणतात, धनुर्धराला हरणाच्या नजरेच्या वर नेते. परंतु गंभीर दुखापतींत मचाणावरून पडण्याचे प्रमाण मोठे आहे. पूर्ण अंगाचा सुरक्षा-पट्टा जमिनीवरच चढवावा, झाडाच्या बुंध्याला वरपासून खालपर्यंत बांधलेल्या सुरक्षा-दोरात तो पहिल्या पायरीपासून अडकवलेला असावा आणि चढता-उतरताना दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत टेकलेले असावेत. धनुष्य खांद्याला लावून चढू नये, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यावे. आपण नेमके कोठे बसणार आणि केव्हा परतणार हे घरी लिहून ठेवावे, आणि परतल्यावर अंग तपासावे, कारण विस्कॉन्सिनच्या रानात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी आहेत.

हरिण प्रत्यक्ष समोर आल्यावर छाती धडधडणे, हात थरथरणे आणि दृष्टी आक्रसून फक्त शिंगे दिसणे हा अनुभव जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला येतो. तो टाळता येत नाही, पण त्याच्या आहारी न जाण्याची सवय लावता येते. त्यासाठी सरावाच्या वेळीच एक ठरावीक क्रम मनाशी म्हणावा: कोन पाहणे, अंतर पाहणे, वाटेत फांदी आहे का ते पाहणे, हरणाचे डोके झाडाआड किंवा खाली गेल्यावर प्रत्यंचा ओढणे, आणि संपूर्ण हरणाऐवजी कातडीवरचा एकच ठिपका निवडून बाण सोडणे. या क्रमातील एकाही पायरीवर शंका आली तर प्रत्यंचा सावकाश परत न्यावी. हरणाच्या मागे दुसरे हरिण उभे असेल, मुसळधार पावसाने रक्ताच्या खुणा धुऊन जाण्याचा संभव असेल किंवा सूर्यास्तानंतर कायद्याने दिलेली वीस मिनिटे संपत आली असतील, तेव्हाही बाण भात्यातच राहावा.

बाण सुटल्यानंतर जे करायचे त्यात नवशिक्याच्या संयमाची सर्वांत मोठी परीक्षा असते. हरिण कोठे उभे होते आणि शेवटचे कोठे दिसले या दोन जागा खुणेच्या झाडांसह लक्षात ठेवाव्यात, ते कसे पळाले ते पाहावे आणि पडताना पाहिले नसेल तर किमान अर्धा तास मचाण सोडू नये. नंतर बाण शोधून त्यावरील रक्त वाचावे. फेसाळ, उजळ तांबडे रक्त फुप्फुसाचे असते आणि अशा वेळी माग सहसा थोड्याच अंतरावर संपतो. काळपट लाल रक्त यकृताकडे बोट दाखवते. तेव्हा चार तास तरी थांबावे. बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि उग्र वास असेल, किंवा हरिण पाठ वर काढून हळूहळू चालत गेले असेल, तर बाण पोटात लागला आहे असे समजून आठ ते बारा तास त्या बाजूला फिरकू नये. हे थांबणे निर्दयपणाचे वाटते, पण जखमी हरिण जवळच आडवे होते आणि कोणी मागे आले नाही तर तेथेच मरते. उतावीळपणे पाठलाग केला तर ते उठून मैलभर जाते, रक्त थांबते आणि ते सापडतच नाही. माग काढताना रक्तावर न चालता त्याच्या कडेने चालावे, शेवटच्या थेंबाजवळ कोणाला तरी उभे करावे आणि माग हरवल्यास दोरीने बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घ्यावी. विस्कॉन्सिनमध्ये तशी परवानगी आहे. हरिण सापडले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध घेतल्याशिवाय दुसऱ्या हरणावर बाण लावू नये. हा कायद्याचा नियम नसला तरी शिकारी म्हणवून घेणाऱ्याने तो पाळलाच पाहिजे.

हरिण मिळाल्यावर आतडी-कोठा लगेच काढून शरीर थंड करावे, कारण मांस शक्य तितक्या लवकर चार अंश सेल्सिअसपर्यंत उतरले पाहिजे. मिळालेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत राज्याकडे करणे बंधनकारक आहे. या मांसात चरबी कमी असते आणि जी असते ती तोंडात मेणचट लागते, म्हणून ती काढून टाकावी. पायाचे मांस मटणाच्या रश्शासारखे मंद आचेवर बराच वेळ शिजवावे, कण्यालगतचे मऊ मांस मात्र झटपट परतावे. ते विकण्यास बंदी आहे, गरजूंना देण्यासाठी राज्यात हरिणदानाची योजना चालते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा, प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनाने होणारा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये आढळला आणि तेव्हापासून पसरत गेला आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नसले तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे आणि शिजवल्याने प्रायॉन नष्ट होत नाही. म्हणून रोग आढळलेल्या भागातील प्रत्येक हरणाचा नमुना राज्याच्या तपासणी केंद्रात द्यावा, प्रत्येक हरणाचे मांस वेगळ्या पिशव्यांत तारीख व नोंदणी क्रमांक लिहून गोठवावे आणि अहवाल हाती येईपर्यंत ते कोणाच्याही पानात वाढू नये.